तीर्थन खोऱ्यातली पहिली ट्राउट सहल: मुंबईतून निघणाऱ्यांसाठी फ्लाय फिशिंगची तयारी

वरळीच्या खडकांवर किंवा वसईच्या खाडीत ज्यांनी शिसं बांधून गरी फेकली आहे, त्यांना फ्लाय फिशिंग शिकताना आधी एक सवय मोडावी लागते. समुद्रावर वजन दोरीच्या टोकाला असतं आणि ते दोरीला ओढत नेतं. इथे टोकाला असतो पिसं आणि केस बांधलेला नखाएवढा गळ, म्हणजे फ्लाय. तिला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं जाड, प्लास्टिकचा लेप दिलेल्या लाइनला. लाइन फेकायची असते, फ्लाय तिच्यामागून जाते. एवढं हाताला कळलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची हे आपोआप उलगडतं.

हे मार्गदर्शन हिमाचलमधल्या कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीसाठी आहे. नवख्यांसाठी ती सोयीची, कारण रस्ता नदीच्या कडेने जातो, राहायला होमस्टे आहेत आणि मासा नदीतच वाढलेला आहे. ब्राउन ट्राउट हा मूळ इथला नव्हे. इंग्रजांनी तो आधी काश्मीरमध्ये आणला आणि तिथून १९०९ मध्ये कुलूत. त्यानंतर तो इथे स्वतःहून पैदास करू लागला. तीर्थन १९७६ मध्ये ट्राउटसाठी राखीव नदी म्हणून जाहीर झाली आणि पुढे तिच्यावर वीजप्रकल्प होऊ दिले नाहीत, म्हणून तिचं पाणी अजून मोकळं वाहतं. बास्पा, पब्बर, बरोटची उहल या नद्याही चांगल्या आहेत, पण पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नका. अंतर जास्त, आणि चूक झाली तर सुधारायला दिवस उरत नाहीत.

तारीख आधी, तिकीट नंतर

हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते, कारण हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ. मुंबईकरांची अडचण इथेच होते. सगळ्यांना सुट्टी दिवाळीत मिळते आणि दिवाळी नोव्हेंबरात आली की नदी बंद. जुलै-ऑगस्ट पावसाळा, पाणी गढूळ आणि दरडींचा धोका. एप्रिल-मे मध्ये वरचं बर्फ वितळतं, त्यामुळे सकाळी निवळ असलेली नदी दुपारी फुगते. सहल करायचीच असेल तर मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलची सुरुवात, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. आम्ही नवख्यांना सरळ ऑक्टोबर सुचवतो. पाणी काचेसारखं असतं, म्हणजे मासा तुम्हाला पाहतो हे खरं, पण तुम्हालाही नदीचा तळ दिसतो आणि शिकायला तेच हवं.

ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट तपासा: कुलूचा दसरा. तो विजयादशमीला संपत नाही, तिथून सुरू होऊन सात दिवस चालतो. त्या आठवड्यात कुलू-भुंतर भागात गाड्या आणि खोल्या मिळणं कठीण होतं. मे महिन्याच्या सुट्टीतही गर्दी होतेच.

नदीवर किमान चार पूर्ण दिवस धरा. पहिला दिवस हात बसण्यात जातो, एखादा पावसात.

सामान: काय घ्यायचं, काय नाही

मुंबईतल्या गळाच्या दुकानांत बहुतेक माल समुद्रासाठी आणि तलावातल्या रोहू-कटल्यासाठी असतो. फ्लायचं सामान ऑनलाइन मागवावं लागतं. म्हणून निघण्याच्या दोन महिने आधी ऑर्डर द्या, म्हणजे सरावालाही वेळ उरेल.

रॉड ९ फुटी, ५ वेटचा (वेट म्हणजे तो किती जड लाइन फेकतो त्याचा आकडा), चार तुकड्यांत सुटणारा घ्या. चार तुकड्यांचा रॉड नळीसकट पाऊण मीटरच्या आसपास लांब होतो. तो लोकलच्या रॅकवर मावतो आणि विमानात बॅगेत तिरपा बसतो. तीर्थनच्या वरच्या, अरुंद भागासाठी साडेसात-आठ फुटी ३ किंवा ४ वेटचा रॉड हलका पडतो, पण एकच घ्यायचा तर ५ वेट. वाऱ्यात आणि वजनदार निम्फ (पाण्याखाली वाहणारी फ्लाय) फेकताना तोच सांभाळून घेतो.

रीलवर फार खर्च करू नका. इथली ट्राउट बहुतेक वीतभर ते फूटभर. रीलचं काम लाइन धरून ठेवणं. खर्च करायचा तो लाइनवर. ५ वेट रॉडला ५ नंबरची, पुढच्या बाजूला वजन असलेली तरंगती लाइन, जिच्या डब्यावर डब्ल्यूएफ-५-एफ असं लिहिलेलं असतं. स्वस्त लाइनचा लेप लवकर तडकतो आणि मग ती तरंगत नाही. लाइनच्या मागे रीलवर गुंडाळायचा जोडदोरा, म्हणजे २० पौंडी डेक्रॉनचं बॅकिंग, ५० मीटर पुरे.

लाइनच्या पुढे लीडर, म्हणजे टोकाकडे बारीक होत जाणारा धागा: ९ फूट, टोकाला ४एक्स. त्यापुढे टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक धागा. ४एक्स म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर, ५एक्स म्हणजे ०.१५. दोन्हीची एकेक रीळ घ्या. आकडा वाढला की धागा बारीक होतो, हे उलटं गणित सुरुवातीला सगळ्यांना फसवतं. अंदाज असा की फ्लायच्या नंबरला (गळाचा आकार; आकडा वाढला की गळ लहान) तीनने भागा. १४ नंबरच्या फ्लायला ४एक्स किंवा ५एक्स, १६ ला ५एक्स.

फ्लायच्या बाबतीत डबे भरून आणण्याचा मोह होतो. सहा नमुने बास, प्रत्येकी चार ते सहा. पाण्यावर तरंगणाऱ्यांत पॅराशूट ॲडम्स १४ आणि १६ नंबर, एल्क हेअर कॅडिस १४. पाण्याखालच्या निम्फमध्ये फेझंट टेल १६, हेअर्स इअर १४, दोन्ही मण्याच्या डोक्याचे. एक सॉफ्ट हॅकल १४. आणि गढूळ पाण्यासाठी काळा किंवा ऑलिव्ह वुली बगर १० नंबर. निम्फ सगळ्यात जास्त आणा. ते दगडांत अडकून जातात आणि मासाही दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच खातो.

प्रत्येक गळाच्या टोकाजवळची उलटी काटी चिमट्याने दाबून सपाट करा. काटी नसली की मासा सुटतो अशी भीती असते. लाइन ताणलेली ठेवली तर सुटत नाही. शिवाय गळ कधी ना कधी तुमच्याच कानात किंवा दंडात घुसणार आहे, आणि तिथून हॉस्पिटल जवळ नाही.

बाकी: धागा कापायची निपर, गळ काढायचा बारीक लांब चिमटा, ड्राय, म्हणजे तरंगत्या फ्लायला ती बुडू नये म्हणून लावायचं फ्लोटंट, बारीक शिसाचे दाणे, दोन-तीन इंडिकेटर (मासा लागल्याची खूण देणारे तरंगते गोळे), रबरी जाळीचं छोटं नेट, पाण्याचं थर्मामीटर. तपकिरी किंवा अंबर काचेचा पोलराइज्ड चष्मा. चष्मा चैनीसाठी नाही. पाण्यावरची चकाकी जाते, तळ दिसतो आणि मागून येणाऱ्या गळापासून डोळा वाचतो.

पायात फेल्ट तळाचे किंवा स्टड लावलेले, पाण्यात चालायचे वेडिंग बूट. साधे ट्रेकिंग बूट शेवाळलेल्या गोल दगडांवर टिकत नाहीत. कमरेपर्यंतचे किंवा छातीपर्यंतचे वेडर (पाणी आत न येणारी विजार) घेतले तर पट्टा कसून बांधायचाच, नाहीतर पडल्यावर त्यात पाणी भरतं. एक बळकट काठी. ती तिथेही मिळते.

हवाई प्रवासात रॉड, गळ, निपर, चिमटा, सगळं चेक-इन बॅगेत. हातातल्या बॅगेत गळाचा एक डबा राहिला तर सुरक्षा तपासणीत तो जाण्याचीच शक्यता जास्त.

सराव मुंबईतच

सहल फसते ती नदीवर नाही, इथे. मुंबईत चार-पाच आठवडे रोज वीस मिनिटं सराव केला तर तिथल्या पहिल्या तासातच फ्लाय पाण्यावर नीट पडू लागते. न करता गेलात तर चार दिवस झाडांतून गळ सोडवण्यात जातील.

जागा हवी गवताची. काँक्रीटवर लाइनचा लेप खरवडतो. शिवाजी पार्क किंवा ओव्हलवर भल्या पहाटे, क्रिकेटवाले यायच्या आधी, तीस मीटर मोकळी जागा मिळते. चौपाटीवर जाऊ नका. वाळू रीलमध्ये शिरते, लाइन घासते, खारं पाणी रीलला खातं. गेलातच तर घरी येऊन सगळं गोड्या पाण्याने धुवा. गळ बांधू नका, लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा छोटा गोंडा बांधा. माणसं फिरायला आलेली असतात.

पवई तलावावर महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे. तिथल्या सभासदांशी ओळख झाली तर शिकायला मिळतं, पण काठावरूनच. पवईत मगरी आहेत, वेडर घालून उतरायची ती जागा नव्हे.

रॉड जोडताना तुकड्यांवरचे ठिपके थोडे तिरपे धरून ढकला आणि ढकलता ढकलता फिरवून सरळ करा. सोडवताना मात्र फिरवायचं नाही, सरळ ओढायचं. लाइन रिंगांतून ओवताना लीडरचं बारीक टोक न ओवता जाड लाइन दुमडून तिचा फास ओवत जा. हातून सुटला तर तो रिंगेतच अडकून राहतो, सगळं परत खाली घसरत नाही.

कास्टची, म्हणजे लाइन फेकण्याची, पायरी अशी. रॉडच्या टोकापुढे सहा-सात मीटर लाइन गवतावर सरळ पसरलेली हवी. रॉडचं टोक जमिनीजवळ. सैल लाइन डाव्या हाताच्या चिमटीत. आता हळू उचलायला सुरुवात करा, वेग वाढवत न्या आणि रॉड कानाच्या थोडा मागे गेला, घड्याळात एक वाजता, की झटकन थांबा. पाऱ्याचं थर्मामीटर उतरवताना मनगट जसं अचानक थांबतं, तसंच. थांबल्यामुळेच रॉडमधली ताकद लाइनमध्ये जाते. मग वाट पाहा. लाइन मागे पूर्ण सरळ होऊ द्या. सुरुवातीला मान वळवून बघा, त्यात लाज नाही. सरळ झाली की पुढे, तसाच वाढता वेग, दहा वाजता थांबा आणि लाइन खाली येताना टोक तिच्यासोबत उतरवा.

चुका ओळखायच्या खुणा आहेत. मागे चाबकासारखा आवाज आला तर तुम्ही घाई केली. खऱ्या फ्लायचा गळ अशाने तुटून जातो आणि तुम्ही अर्धा तास नुसत्या लीडरने मासे धरत बसता. लाइन पुढे ढिगासारखी पडली तर थांबणं मऊ झालं. लाइन मागे गवताला लागली तर मनगट मोडून रॉड फार मागे गेला. यावर उपाय म्हणून रॉडचं बूड शर्टच्या बाहीत खोचून सराव करा. लीडरमध्ये आपोआप छोट्या गाठी पडायला लागल्या तर जोर मध्येच एकदम दिला जातोय. अशी गाठ दिसली की लीडर तिथे कमजोर झालाच समजा, कापून नवीन बांधा.

आता खरं महत्त्वाचं: रोल कास्ट. तीर्थनच्या काठावर अल्डर, विलो आणि दगडांचे कठडे आहेत, मागे लाइन फेकायला जागाच नसते. रोल कास्टमध्ये लाइन मागे जात नाही. रॉड हळू वर आणत कानाजवळ आणा, इतका हळू की लाइन पाण्यावरून सरकत यावी. थांबा, लाइन खांद्यामागे पोटासारखी लोंबू द्या. मग पुढे जोरात आणि झटकन थांबवा. लाइन पाण्यावर चाकासारखी उलगडत जाते. गवतावर हे नीट जमत नाही, कारण लाइनला पाण्याची पकड लागते. युक्ती अशी की लीडरचं टोक विटेखाली दाबा, मग पकड मिळते. रोज निम्मा वेळ रोल कास्टला द्या. लांब फेकण्याचा हट्ट सोडा. तीर्थनवर आठ मीटरच्या पलीकडे फ्लाय टाकायची वेळ क्वचितच येते.

गाठी तीनच शिका, पण डोळे मिटून जमतील इतक्या. लाइन आणि लीडर फासात फास घालून जोडतात. तो चौकोनी बसला पाहिजे, एक फास दुसऱ्यावर आवळला गेला तर लाइन कापते. लीडर आणि टिपेट जोडायला सर्जन्स नॉट, दोनऐवजी तीन फेरे. टिपेटला फ्लाय बांधायला इम्प्रूव्ह्ड क्लिंच, पाच फेरे. प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून धागा नासतो. तुटलेलं टोक बघून कारण कळतं: टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली, सरळ तुटलं असेल तर धागा दगडाने घासला होता किंवा ओढ जास्त झाली. घरी सराव झाला की बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं हात घालून पुन्हा गाठी बांधून पाहा. सकाळी सातला तिथे बोटं अशीच असतात.

पोचणं आणि परवाना

स्वस्त मार्ग: मुंबई सेंट्रलहून राजधानीने दिल्ली, दिवस तिथे, संध्याकाळी मनालीकडे जाणारी बस आणि पहाटे औटला उतरा. कंडक्टरला बसताना आणि मंडी ओलांडल्यावर, दोनदा सांगा, नाहीतर झोपेत कुलू येतं. औटहून बंजार आणि पुढे तीर्थनकाठच्या गुशैणीला टॅक्सीने. जलद मार्ग: विमानाने चंदीगड, तिथून गाडी. भुंतरलाही विमानतळ आहे, पण हवा बिघडली की उड्डाण रद्द होतं. परतीचा प्रवास त्यावर अवलंबून ठेवू नका. बंजारमध्ये रोख काढून घ्या. वर मोबाइलचं नेटवर्क आणि यूपीआय दोन्ही लहरी.

मासेमारीचा परवाना राज्याच्या मत्स्य विभागाचा लागतो, दिवसावर मिळतो आणि शुल्क कमी असतं. होमस्टेच्या मालकाला आधीच फोन करून सांगितलं तर तो व्यवस्था लावून देतो. परवान्यावर लिहिलेल्या अटी वाचा: किती मासे, किती लांबीच्या खाली परत सोडायचे, कोणतं साधन चालतं. परवाना खिशात ठेवा, खोलीवर नको, तपासणी होते. गुशैणीच्या पुढे पायवाटेने गेलं की ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची हद्द येते, २०१४ पासून जागतिक वारसा असलेलं उद्यान. आत फिरायला वेगळा परवाना आहे, आणि गळ तिथे काढायचाच नाही. काही ठिकाणी देवळालगतच्या डोहात गावकरी मासे धरू देत नाहीत. विचारूनच उतरा.

पहिल्या दिवशी स्थानिक वाटाड्या घ्या. त्याला स्पिनर (पाण्यात फिरणारं धातूचं आमिष) फेकायची सवय असेल, फ्लाय माहीत नसेलही, पण डोह, वाटा आणि नदी पार करायच्या जागा त्याच्याइतक्या कुणालाच ठाऊक नसतात.

नदीवर

पोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. नवखे सगळ्यात जास्त मासे असेच हाकलून लावतात. पाच मिनिटं मागे उभं राहा. थर्मामीटर पाण्यात ठेवा. ट्राउट १० ते १६ अंशांत उत्तम खाते. ७ च्या खाली सुस्त असते, मग अकरानंतर जा. २० च्या वर पाणी गेलं तर मासेमारी थांबवा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, धरून सोडलेला मासाही मरतो.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते, कारण खाणं आणि प्राणवायू तिकडून येतो. म्हणून तुम्ही खालून वर चढत जायचं, तिच्या पाठीमागून. तीर्थनमध्ये मोठे धोंडे आहेत. प्रत्येक धोंड्याच्या मागे एक शांत जागा असते आणि पुढे एक छोटी उशी. वेगवान आणि मंद पाणी जिथे चिकटतं ती रेघ शोधा, तिच्यावरून फेस वाहताना दिसतो. मासा मंद बाजूला उभा राहून वेगवान पाण्यातलं खाणं टिपतो, कष्ट वाचतात. डोहाच्या मधोमध बघत बसू नका. डोहाची शेपटी, जिथे पाणी उथळ होऊन पुढे सांडतं, तिथे आणि पोखरलेल्या काठाखाली बघा.

आधी पायाजवळचं पाणी, मग लांबचं. काठाला लागून दोन-तीन वेळा फ्लाय वाहू द्या, मग दोन मीटर पुढे. धोंड्यामागे चांगल्या चार कास्टमध्ये काही झालं नाही तर पुढे चला. एकाच डोहावर तासभर बसणं हा समुद्रावरचा धीर, इथे उपयोगाचा नाही.

सुरुवात ड्राय-ड्रॉपरने करा. लीडरला कॅडिस बांधा, तिच्या गळाच्या वळणाला ४५ ते ६० सेंटिमीटर टिपेट, त्याच्या टोकाला १६ नंबरचा फेझंट टेल. वरची फ्लाय तरंगते आणि दिसते, खालची खाण्याच्या पातळीवर वाहते. कॅडिस थांबली, बुडली, किंवा प्रवाहापेक्षा वेगळी हलली तर रॉड उचला. झटका नको, नुसतं टोक वर. ट्राउट नकली घास क्षणात थुंकते, त्यामुळे लाइन सैल असली तर उशीरच होतो. डाव्या हाताने सैल लाइन सतत ओढून घेत राहा.

खोल पाण्यात इंडिकेटर लावा. तो निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर हवा. निम्फ तळाला मधूनमधून लागला पाहिजे. कधीच लागत नसेल तर शिसाचा एक दाणा वाढवा, दर वेळी अडकत असेल तर एक काढा. दिवसातून दहा वेळा हे बदलावं लागतं. कंटाळा करणारे वरच्या पाण्यात मासेमारी करत राहतात आणि मासा खाली असतो.

मासा फ्लायकडे येऊन परत फिरला तर बहुधा फ्लायचा नमुना चुकलेला नसतो, फ्लाय ओढली जात असते. मधलं वेगवान पाणी लाइनला पळवतं, लाइन फ्लायला खेचते आणि खरा किडा कधी असा पोहत नाही. उपाय दोन. लाइन पडल्याबरोबर तिचं पोट रॉडने उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा. किंवा जवळ जा, रॉड उंच धरा आणि लाइन पाण्याला लागूच देऊ नका, फक्त लीडर पाण्यात. धोंड्यांच्या नदीत दुसरा उपाय जास्त चालतो. खरं तर फ्लाय बदलण्याआधी एक पाऊल पुढे जाऊन पाहा, तेवढ्याने नऊपैकी सहा वेळा काम होतं असं म्हणायला हरकत नाही.

मासा लागला की रॉड साधारण ४५ ते ६० अंशात. सरळ उभा करून मागे झुकवला तर टोक मोडतं, आणि रॉडच्या वरच्या भागाला हात लावून आधार दिला तरी मोडतं. मासा पळाला तर पळू द्या, लाइन बोटांतून जाऊ द्या. तो दमेपर्यंत खेळवू मात्र नका, लवकर आणा. हात ओले करून मगच धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. नेट पाण्यातच, गळ चिमट्याने उलटा फिरवून काढा. फोटो हवा तर मासा पाण्याबाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखा, श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात. सोडताना तोंड प्रवाहाकडे, मंद पाण्यात, स्वतःहून जाईपर्यंत. खायची ट्राउट हवी असेल तर खोऱ्यात रेनबो ट्राउटची तळी आहेत, होमस्टेवाले तिथून आणून तव्यावर मोहरीच्या तेलात करून देतात. नदीतली मोठी मादी मारण्यात अर्थ नाही.

पाण्याची भीती बाळगा

मांडीच्या वर पाण्यात जायचं नाही. पार करताना काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवा, अंग तिरपं, एक पाय पक्का झाल्यावरच दुसरा हलवा, पाय एकमेकांवरून टाकू नका. पडलात तर उभं राहायची धडपड न करता पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि हातांनी काठाकडे सरका. पाय दगडांत अडकून प्रवाह वरून गेला की माणूस वाचत नाही.

पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहू लागली किंवा तळातून दगड घरंगळल्याचा आवाज आला तर सामान सोडून वर या. वर ढगफुटी झालेली असते आणि तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं. २०२३ च्या जुलैमध्ये बियास खोऱ्यात पुराने काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे.

औटला बससाठी थांबलात तर वेळ घालवायला बियासमध्ये उतरू नका. तीर्थनचं पाणी लारजीला बियासला मिळतं आणि तिथे धरण आहे. ८ जून २०१४ ला त्या धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. धरणाच्या खालची नदी शांत दिसते आणि मिनिटांत भरते.

परतल्यावर

मुंबईच्या दमटपणात सामान लवकर खराब होतं. रॉड ओला असताना नळीत बंद केला तर कॉर्कला बुरशी येते आणि लेपाला फोड. दोन दिवस पंख्याखाली ठेवा, मग नळीत. फ्लायचा डबा उघडा ठेवून वाळवा, आत सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर पुढच्या मोसमात गंजलेले गळ मिळतील. लाइन साबणाच्या कोमट पाण्यातून काढून मऊ फडक्याने पुसा. डास पळवणारं डीटचं क्रीम लागलेल्या हाताने तिला शिवू नका, लेप विरघळतो. फेल्टचे तळवे पूर्ण कोरडे व्हायला आठवडाही लागतो, आणि ओल्या फेल्टमधून एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जातं, तेव्हा कडकडीत वाळल्याशिवाय ते दुसरीकडे न्यायचे नाहीत. नायलॉनचं टिपेट दर मोसमाला नवीन घ्या. उन्हाने ते आतून ठिसूळ होतं, आणि हे कळतं ते मासा लागल्यावरच.